पंक्तिप्रपंच

अकरा वाजले तरी उजाडत नाही
आइसलँडच्या जानेवारीत.
दिव्यांखाली स्टेइनुन ओणवी,
प्रत्येक नळीच्या तोंडाशी
दह्याची एकेक रिकामी डबी,
हातात घड्याळ. दहा मिनिटं.

पहिल्या स्ट्रॉबेरीला काठोकाठ,
चाळिसावीच्या डबीत नुसता तळ ओला.
तिच्या पानांच्या कडा करपलेल्या,
फळ वाटाण्याएवढं.
पंपाच्या मनात नसतो पंक्तिप्रपंच,
उतारच तो करतो.

ती पन्हळीखालची पाचर हलवते,
पाणी टोकाऐवजी मधोमध सोडते.
पुन्हा डब्या. पुन्हा दहा मिनिटं.

एविन्दुर हाक मारतो, सूप निवतंय.
आले, म्हणते
आणि शेवटची डबी
डोळ्यांच्या रेषेत धरते.

अजून अर्धं बोट कमी.