सहावं घर

हट्टीच्या शाळेपुढं पहाटे सहाला शिट्टी वाजली तेव्हा
धोडपची खाच अजून अंधारातच होती.
आम्ही त्रेसष्ट जण. हातात नकाशा, अंगठ्याला होकायंत्र,
गळ्यातल्या कार्डावर आठ चौकोनी घरं.
आठ चौक्या डोंगरात लपवलेल्या.
वाट ज्याची त्यानं शोधायची.

मी दिंडोरीच्या मोजणी कार्यालयातला.
आठवडाभर रेषाच बघतो:
ह्याचा बांध, त्याचा बांध,
मधे दीड फूट,
आणि त्या दीड फुटापायी
तीन पिढ्या एकमेकांशी न बोललेल्या.
इथल्या रेषा कुणाच्या नावावर नाहीत.
दाट झाल्या की कडा,
विरळ झाल्या की दम खायला जागा.

पाच चौक्यांपर्यंत मी शहाणा होतो.
रवळ्या-जावळ्याच्या खिंडीत कार्डाला पाचवं भोक पाडलं
आणि गुडघ्यावर नकाशा पसरला.
सहावी कण्हेरगडाच्या पोटात, एका टाक्यापाशी.
धारेनं गेलं तर जवळ,
पण दोन टेपाडं चढून उतरायची,
आणि मांड्या आधीच कुरकुरत होत्या.
पदरातून गेलं तर लांब, सपाट, मधे कारवी.
नकाशात कारवी म्हणजे हिरवे ठिपके.
ठिपके डोक्याच्या वर हातभर उंच असतात
हे तिथं छापलेलं नसतं.

तेवढ्यात अभोण्याची शेवंता बागूल
मला ओलांडून गेली.
पाठीवर अठ्ठावन्न, पायात कापडी बूट,
होकायंत्र मनगटाला, घड्याळासारखं,
आणि ते घड्याळ बंद पडल्यासारखी
ती त्याच्याकडं बघतही नव्हती.
ना धारेला लागली, ना पदराला.
जिथं मला वाटच दिसत नव्हती
त्या घळीत सरळ शिरली.

खरं सांगतो, मी नकाशा मिटला.
वीस वर्षं लोकांना बजावत आलो की
शेजारी म्हणतो म्हणून हद्द ठरत नाही,
आणि आता एका पोरीच्या पाठीवरच्या आकड्यामागं
घसाऱ्यावरून बूड टेकत उतरत होतो.
घायपातानं पोटरी फाडली.
मग कारवीत शेळ्यांनी पाडलेला बोगदा,
वाकून पळायचं,
वाळकी पानं दप्तरातल्या जुन्या कागदांसारखी वाजत.
काय हुशार आहे, मनात म्हणत होतो,
ही बरोब्बर सहावीच्या उशाशी उतरणार.

कारवी संपली
आणि मी एका सारवलेल्या अंगणात उभा.
नागली वाळत घातलेली. कुत्रा भुंकला.
शेवंता ओट्यावर बसून ताक पीत होती.

‘तुम्ही इकडं कुठं?’
‘चौकी...?’
‘चौकी तिकडं, त्या सोंडेपलीकडं.
हे माझ्या मावशीचं घर.
म्हटलं, जवळून चाललेच आहे तर.’

मावशीनं काही न विचारता दुसरा पेला भरला.
मी श्वास लागेपर्यंत थांबलो, नकाशा उघडला,
इकडून बघितला, तिकडून बघितला.
‘तुमचं घर यात नाही,’ म्हणालो.
‘असू दे,’ मावशी म्हणाली. ‘पोस्टमन येतो की.’

शेवंतानं मिशी पुसली ताकाची
आणि सोंडेवर चढून दिसेनाशी झाली.
सहावी, सातवी, आठवी घेऊन
बायकांत तिसरी आली,
हे मला नंतर कळलं.
मी बसलो तो बसलोच.
उन्हं कलल्यावर बैलगाडीच्या रस्त्यानं हट्टीत पोचलो
तर पताका उतरवून घड्या घालणं चाललेलं.
टेबलावरचा पोरगा कार्ड बघून म्हणाला,
‘साहेब, सहाव्यापासून पुढची घरं रिकामी.’
मी मान हलवली.
नकाशा मात्र परत दिला नाही.

सोमवारी, दोन बांधांच्या तक्रारींमधल्या जेवणाच्या सुट्टीत
पेन्सिलीला टोक केलं
आणि हिरवे ठिपके जिथं संपतात
तिथं एक बारीक चौकोन काढला.
मोजून नाही.
कुत्रा कुठल्या अंगानं भुंकला होता
तेवढ्या अंदाजानं.