टाका घालायचा नसतो

रात्री अडीचला खाजा मोईनोद्दीन टेलर
जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात आला
तो रिक्षात उभ्यानं. म्हणजे वाकून,
दांडीला धरून, अर्धा बाहेर लोंबत.
मी म्हटलं, बसा.
"मॅडम, बसणंच तर गेलंय."

केसपेपरवर त्यानं लिहवलं: कंबर.
वॉर्डबॉय ढोणेला सांगितलं: मांडी.
मला: जरा खाली.
आपल्या भाषेत त्या जागेला शब्द कमी नाहीत,
शिव्यांत रोज उधळतो, फुकट.
दुखलं की एकही तोंडात येत नाही.

पाच दिवस. कांदा भाजून बांधला, हळद लावली,
मग मेडिकलवाल्याच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल.
ईदला सहा दिवस, बावीस पठाणी बाकी,
म्हणून एका कुल्ल्यावर मशीन मारत राहिला,
मग उभ्यानं, मग गुडघ्यावर.
ताप एकशे तीन. साखर तीनशे चाळीस.
कुशीवर वळवून पाहिलं: जांभळट, ताठ, चकाकती सूज.
बोट लावायच्या आधीच पाय थरथरला.
बायको भिंतीकडं तोंड करून,
हातात सहरीचा डबा.
काही खाल्लंय का?
"कालपासून नाही. खाल्लं की जावं लागतं."

हे गोळीनं जाणार नाही, मी म्हटलं.
पिकलंय. त्याला वाट द्यावी लागेल.
सकाळी?
सकाळपर्यंत ते आतच वाट काढेल.

भूलवाले सर परभणीहून निघाले,
बोरीतून फोन: सलाइन चालू ठेवा.
कमरेत सुई. पाय जड होताच तो हसला.
फुलीसारखा छेद, कोपरे कापले,
आणि मग तो वास,
जो पुस्तकात नसतो.
ढोणे दोन पावलं मागं सरला, पुन्हा पुढं आला.
बोट घालून आतले कप्पे मोडत गेले.
वाटीभर. मग आणखी अर्धी.

सकाळी त्यानं विचारलं, टाके किती?
एकही नाही.
धंद्याचा अपमान झाल्यासारखा बघत राहिला.
"उघडंच? मॅडम, आम्ही काजसुद्धा असं सोडत नाही."
वरून शिवलं तर आत पुन्हा साचेल.
तळातून भरत वर यावं लागतं.
रोज कोमट पाण्याच्या टबात बसायचं. महिना, दीड महिना.
एखाद्याला पुढं तिथंच भगंदर होतं, हेही सांगितलं.
त्यानं मान हलवली. मग हळूच,
"गल्लीत काय सांगू?"

मी बोलायला तोंड उघडलं
आणि केसपेपरवर तीच ओळ दिसली: कंबर.
रात्री मीही ती खोडली नव्हती.

दुपारी चार गिऱ्हाइकं वॉर्डाच्या दारात,
एकाच्या खांद्यावर न कापलेलं कापड.
"मास्टर, कमरेला कसंय?"
तो पालथा पडल्या पडल्या
माझ्याकडं बघतो.
मी पेन शोधते.