२१४ मधलं कार्ड

श्रावणात हॉटेल अर्धं रिकामं,
मीटर मात्र लग्नघरासारखा.
मिनेझिस साहेबांनी बिल माझ्यापुढे सरकवलं,
"शाणू, पाहुणे साठ, वीज दोनशे जणांची.
बाकीचे कोण जेवून जातात रे?"

मी काय सांगणार. एकोणीस वर्षं या पंप-रूममध्ये,
बाणावलीचा समुद्र दोनशे पावलांवर,
आणि माझ्या कानात फक्त पंप.

मग फोंड्याहून कुंकळ्येकर बाई आल्या.
पायात रबरी चपला, हातात एक कॅमेरा,
ज्यात गार भिंत निळी आणि गरम पाइप लालभडक दिसतो,
ताप चढलेल्या पोरासारखा.
बॉयलरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळी लाईन उघडीवाघडी.
"यांना काही पांघरायला का नाही दिलं?"
अंगावर घालायचं ते मी खरंच विसरलो होतो,
नव्वद मीटर.

गच्चीवर गेलो. चिलर गरम वाफ ओकत होता.
बाई नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या,
"वर तुम्ही ऊब फेकून देता
आणि खाली डिझेल जाळून तीच ऊब विकत घेता.
दोघांची ओळख करून द्या की."
इतकी साधी गोष्ट.
मला राग आला, स्वतःचा, आणि थोडा त्यांचाही.

रात्री अकराला रिकाम्या खोल्या तपासायला निघालो.
२१२ काळोख. २१३ काळोख.
२१४चा एसी सोळावर, पंखा फुल्ल, माणूस नाही.
कार्डाच्या खाचेत बदामची सत्ती,
कात्रीने बरोब्बर मापात कापलेली.
बाथरूममध्ये दोरी, दोरीवर हिरवा गणवेश,
खांद्यावर शिवलेलं नाव: प्रेमावती.

मी म्हटलं, "ते मीच ठेवलं. टेस्टिंगला."
बाईंनी गणवेशाकडे पाहिलं,
मग माझ्या पोटाच्या घेराकडे.
काहीतरी लिहिलं, वही मिटली.

प्रेमावती वेळीप, केप्यापलीकडची.
गणवेश दोन, क्वार्टरच्या भिंतींना बुरशी,
ओला घातला तर मॅनेजर नाक मुरडतो.
हे तिने मला सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं कधी.

अहवाल आला, चव्वेचाळीस पानी.
पाइपांना पांघरूण, पंपांना वेग कमी-जास्त करणारं यंत्र,
पश्चिमेच्या काचांवर सावली.
आणि एकतीसाव्या पानावर, आकड्यांच्या मधोमध,
एक ओळ:
"खोली २१४. कर्मचाऱ्यांना कपडे वाळवायला जागा नाही."
साहेबांनी ती दोनदा वाचली.
चष्मा काढून पुसला. पुढचं पान उलटलं.

कामं काही एका दमात झाली नाहीत.
यंत्र चुकीचं आलं, परत गेलं.
काचांसाठी इनास मेस्तने माळ्यावरून
शिंपल्यांची जुनी तावदानं खाली काढली,
शहाण्णव साली काच हवी म्हणून आम्हीच उतरवलेली.
अर्धी फुटकी. उरली त्यात चौदा खिडक्या झाल्या.
चैत्रात आता चार वाजता त्या खोल्यांत
पातळ ताकासारखा उजेड असतो.

चिलरची ऊब आता पाहुण्यांच्या आंघोळीला जाते.
बॉयलर रविवारीच पेटतो, सवय मोडू नये म्हणून.
टाकीच्या बाजूला, मीच खिळे ठोकून,
तीन दोऱ्या बांधल्यात.
कोणी विचारलं तर सांगतो,
अहवालात आहे, पान एकतीस.

परवा रात्री दोनला ११८चा फोन.
"बाहेर सारखा आवाज येतोय. मशीन बिघडलंय का?"
टॉर्च, पाना घेऊन धावलो.
गॅलरीत उभा राहिलो. पंप हळू, जवळजवळ झोपलेला.
झावळ्यांपलीकडून काहीतरी
येत होतं, थांबत होतं, परत येत होतं.

"समुद्र आहे, साहेब," मी म्हटलं.
"बंद होईल का?"
"नाही."
आणि पाना खिशात घालून
उगाचच थोडा वेळ तिथेच थांबलो.