फळा

सोमवारी व्याख्यान: ‘पेठेतल्या बुजलेल्या विहिरी’,
वक्ते प्रा. नरसिंगराव इंगवले.
बुधवारी कुणीच नाही, म्हणून तिथं
‘चपला ओळीत काढाव्यात’.
शनिवारी गायन.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या सभागृहाचा फळा
माझ्याकडं आला
तो हिंदुरावांचा हात कापायला लागल्यावर.
त्यांचं अक्षर घडीव.
माझं, फाटक्या पिशवीतनं सांडलेल्या वांग्यांसारखं.
‘व्याख्यान’ लिहिताना
दोन्ही ‘य’ जुळेपर्यंत अजून श्वास धरते.

ओल्या फडक्यानं कितीही पुसलं
तरी मागच्या आठवड्याची सतार
नव्या नावांखाली पांढुरकी राहतेच.

सेक्रेटरींची चिठ्ठी आली:
बाईंचं नाव मोठं,
त्याखाली अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख उपस्थिती.
तबला बारीक, जागा उरली तर.

उरत नव्हती.
पण हा दस्तगीर नदाफ
गेल्या खेपेला मैफल उठल्यावर
सतरंज्या झाडायला आला,
मग कपबशा विसळायला बसला माझ्याशेजारी.
म्हटलं, राहू दे की रं.
म्हणाला, “मावशी, गरम पाण्यात
तेवढीच बोटं शेकत्यात.”
दहाच्या दहा सुजलेली.

प्रमुख उपस्थिती पुसली.
ते तसंही येत नाहीत,
हार तेवढा आणून ठेवावा लागतो.
हिरवा खडू घेतला:
तबला, दस्तगीर नदाफ.
‘गी’ची वेलांटी थेट चौकटीवर चढली.
चढू दे.

प्रवेश विनामूल्य.
वेळ साडेसहा,
म्हणजे सात.
तरी लवकर या,
पंख्याखाली जागा चारच हाईत.