मूळ देशाचा दाखला

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या वाचनालयात
पंखा तीनवर ठेवला की पानं आपोआप उलटतात,
बंद केला की बोटांना चिकटतात.
एम.ए.चं दुसरं वर्ष. आंतरराष्ट्रीय व्यापार, कायदा, अर्थशास्त्र
असं एका दमात सांगितलं की मामी विचारते,
"म्हणजे शेवटी दुकानच ना?"

हो मामी. दुकानच.
फक्त गिऱ्हाईक आणि वाणी
दोघांकडेही लष्कर आहे.

जगातल्या प्रत्येक जिनसाला खण ठरवून दिलाय.
जिवंत घोडा पहिल्या प्रकरणात,
घोड्याचे केस पाचव्यात,
लाकडी घोडा पंचाण्णवात, बाहुल्यांशेजारी.
बारामध्ये तीळ. सतरामध्ये गूळ.
हे पाठ करायचं नसतं, केळुसकर बाई म्हणतात,
हे भांडायचं असतं.
"सांगा, तीळ कुठल्या क्षणी तीळ राहत नाही?
पाकात पडल्यावर? वळल्यावर?
की डब्यावर नाव चिकटवल्यावर?"

वर्ग गप्प.
मागून हबतामु म्हणाला,
"माझ्या आईला विचारावं लागेल."

हबतामु गोंदरचा. कोंढव्यात चौथ्या मजल्यावर राहतो.
मराठीत त्याला "सुट्टे नाहीत" येतं
आणि "इथंच थांबवा".
त्याचा देश वीस वर्षं
त्या संघटनेच्या दाराशी अर्ज धरून उभा,
आणि हा इथे फी भरून
आतल्या खोलीचे नियम शिकतो.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी
त्याला मार्केट यार्डात नेलं, भुसार विभागात.
बाबा तिथे तोलणार, काट्याशेजारी एकतीस वर्षं.
त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
मूठ उघडली, फुंकर मारली,
दोन दाणे दाढेखाली धरले.
"हा आपला नाही. बाहेरचा."
हबतामुनं दोन दाणे उचलले,
बराच वेळ चावत राहिला,
मग पोत्यावर हात ठेवून नुसताच उभा.
बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं.
"ह्याच्या गावचा काय गं?"
"असेल."
"मग विचार की त्याला,
औंदा पीक कसं होतं."

त्या प्रश्नाचं इंग्रजी करायला मला वेळ लागला.
दोन वर्षांत एकदाही
कुठल्या पुस्तकानं तो विचारला नव्हता.

दोन किलो घेतले.
बिबवेवाडीत, आमच्या ओट्यावर, आईनं पाक केला.
गरम सारण वळताना हबतामुचे तळहात लाल झाले,
त्यानं काहीतरी पुटपुटलं,
आई म्हणाली, "देवाचं नाव घेतंय पोर."
मला वाटतं, नसावं.

रात्री सरावाचा अर्ज भरायला घेतला.
मूळ देश: रिकामी चौकट.
करार म्हणतो, पस्तीस टक्के भर इथली हवी,
तर माल इथला.
तीळ, बाहेरून. तेवढा वगळा.
गूळ धरा, गॅस धरा, वेलदोड्याची चिमूट धरा.
चोवीस टक्के. सव्वीस.
मजुरीचा रकाना उरला.
"आई, तुझे किती लावू?"
"कसले?"
"हाताचे."
ती हसली आणि कढई घासायला गेली.

शून्य लिहिलं. दुसरं काय लिहिणार,
पावती नसलेल्या खर्चाला पुरावा नसतो.
त्या हिशेबानं
आमच्या घरात, आमच्या कढईत,
माझ्या आईनं केलेला लाडू
परदेशी ठरतो.

हेच उत्तर मी पेपरात लिहिलं,
पुरवणी घेऊन, तीन पानं.
बाईंनी समासात लाल शाईनं एकच शब्द लिहिला:
"कलम?"

शोधतेय.
अर्जावर तेलाचा डाग पडलाय,
त्यातून पलीकडचा मजकूर दिसतो, उलटा,
अजून वाचता येत नाही.