गडगा

सुदेशचा आणि माझा दावा एकाहत्तर वर्षं चालला.
साडेतीन हात जमीन, तिच्यात एक रायवळ आंबा,
आणि कुणीतरी कधीतरी सरकवलेला हद्दीचा दगड.

पूर्वी अशा गोष्टी मरणावर सोपवता यायच्या.
एक भाऊबंद आधी जायचा,
दुसरा शिव्या देत देत सुतक पाळायचा,
पुढचं पोरं बघून घ्यायची.
आता मी एकशे चौदा, तो एकशे सोळा.
गुडघे नवे, डोळे नवे,
राग तेवढा मूळचा.

गेल्या महिन्यात यंत्राने निकाल दिला. चार मिनिटं.
एकाहत्तर वर्षांचे कागद चहासारखे गाळले
आणि रेघ ओढली बरोब्बर आंब्याच्या बुंध्यातून.

बाकी सगळं आपसूक होतंच होतं.
होड्या माणसावाचून वाघोटनच्या खाडीबाहेर जातात,
भरून येतात.
बागेत झेला घेऊन कुणी चढत नाही,
हापूस उतरतो, निवडला जातो, पेटीत जाऊन बसतो.
पणतवंडं बारा वाजता उठून विचारतात,
पणजोबा, आज काय करायचं?
मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.
माझी देवगडला तारीख असायची.

निकालानंतरच्या सोमवारी सुदेश हद्दीवर येऊन उभा.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी, वकिलावाचून:
"आता काय करूचा रे?"

यंत्राने एका रात्रीत गडगा घातला असता.
आम्ही नको म्हटलं.
रोज सकाळी दोन तास, माती नाही, सिमेंट नाही,
जांभ्याच्या दगडावर जांभ्याचा दगड.
एकाने उचलायचा,
दुसऱ्याने म्हणायचं, हंयसर नको, थंयसर.
बोटं चेचली. ती अजून जुनीच आहेत.
दर्शना, त्याची तिसरी बायको,
पेज आणि भाजलेला सुका बांगडा आणून
अर्ध्या गडग्यावर ठेवायची,
ताट कुणाच्या हद्दीत, हे आम्ही मोजलं नाही.
म्हणजे, एकदाच मोजलं.

असं करत आंब्यापर्यंत आलो.
आणखी आठ दिवसांत पुरं झालं असतं.
त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी पाहतो तर मधला वावभर गडगा आडवा.
सुदेश कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, "ढोरां इली असतली."

गावात तीस वर्षांत ढोर नाही.
मी मान हलवली
आणि नखांतली लाल माती काढत
पहिला दगड शोधू लागलो.