परतीची हवा

थंडर बे. उणे एकतीस.
आउने किवेला बाईंच्या तळघरात हाडं गारठतात,
आणि माडीवर रात्री पांघरूण लाथाडावं लागतं.
विनिपेगहून मुलाचा फोन: भट्टीच बदलून टाक.
ओरेस्टने भट्टीचं पुढचं झाकण काढलं,
गुडघ्यावर बसून निळ्या ज्योतीकडे बराच वेळ बघितलं.
म्हणाला, हिला काही झालेलं नाही.

मी नवा. माझं काम टॉर्च धरायचं.

मग त्याने खिशातून टिश्यूचा एक कागद काढला
आणि चिमटीत धरून घरभर हिंडला,
बाळाला झोपवत फिरावं तसा, हळू.
बैठकीत, जमिनीलगतच्या जाळीला कागद चटकन चिकटला.
जिन्याच्या तळाशीही चिकटला, जरासा.
माडीवर चिकटायला जाळीच नव्हती.
फक्त सोडणारी तोंडं, खोलीला एक,
ओततायत, ओततायत.
"द्यायला शिकवलं या घराला, घ्यायला नाही,"
ओरेस्ट म्हणाला. (हे तो प्रत्येक घरी म्हणतो.)

जिना संपतो तिथे उजवीकडचं दार बंद.
"ती ताउनोची," बाई म्हणाल्या. "दोन हिवाळे झाले."
ओरेस्टने किल्लीच्या भोकाशी कागद धरला.
तो आमच्याकडे फडफडला,
आतून कुणी फुंकर घालत असावं तसा.

बाई दोन पायऱ्या खाली उतरल्या.

ओरेस्ट भिंतीशीच बोलत राहिला:
आत गेलेल्या हवेला वाट नाही, म्हणून खोली फुगून बसते,
नवी हवा घेत नाही.
खाली भट्टी मात्र भुकेली,
ती मग खिडकीच्या फटींतून बाहेरचा गारठा ओढून खाते.
खरं तर इथे वर, छताजवळ, एक परतीची जाळी हवी.
ऊन हवा वर साचते, तिला वरूनच उचलायची.
भिंत फोडावी लागेल. दोन दिवस.
किंवा दार उघडं ठेवा. फुकट आहे.

स्वयंपाकघरात ओव्हनमधल्या पावाचा वेलदोड्याचा वास.
किटली. घड्याळ.
"उघडायचं नाही," बाई म्हणाल्या.
"खालून कापा हवं तर."

दार कापायचं तर आधी बिजागऱ्यांतून काढावं लागतं.
हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही,
किंवा आलं, आणि कुणी बोललं नाही.

चाळीस मिनिटं त्या खोलीला दार नव्हतं.
मी पाहू नये म्हणून टॉर्चकडे बघत होतो, तरी दिसलंच:
बर्फावरच्या मासेमारीचा छोटा गळ,
खुर्चीच्या पाठीवर लोकरी विजार, एक पाय उलटा,
अर्धवट शब्दकोडं, त्यावर चष्मा.
खाली भट्टी सुरू झाली.
डांबरी साबणाचा वास माझ्या अंगावरून
जिना उतरला, एकेक पायरी,
आणि वेलदोड्यात मिसळला.
बाई कठड्याला धरून उभ्या होत्या.
खोलीत गेल्या नाहीत.
नाक पुसलं, भुशाला नावं ठेवली.

दार परत बसवलं. परत लावलं.
खाली एक इंच उजेड.

गाडीत ओरेस्ट म्हणाला, कमी पडणार.
हिशोबाने दीड तरी हवा होता.
फेब्रुवारीत बोलावतील, तेव्हा वर जाळी बसवू.

कापलेली पट्टी मी कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो.
बाईंनी हात पुढे केला.
ती त्यांनी ठेवून घेतली.